हॅनाच्या माहेरची वाट

लग्नात आमच्या व्याह्यांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. मागितलं ते पुढे चार वर्षांनी, आणि तेही काय, तर एका चोर बाईचं माहेर.

आधी माणसं सांगून टाकते. मी शुभदा. माहेर सांगलीचं, सासर मिरजेचं आणि गेली बावीस वर्षं मुक्काम मलिंगार. आयर्लंडच्या अगदी पोटात असलेलं हे गाव. माझा नवरा अविनाश इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी त्याच्या व्हिसावर आले, पहिली दोन वर्षं खिडकीतून पाऊस बघितला आणि मग चिवडा, चकली, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागले. आता डंडॉकपासून गॉलवेपर्यंत मराठी घरांत माझे डबे जातात. आमची एकुलती एक लेक मृणाल. सहा वर्षांची असताना इथे आली, त्यामुळे मराठी सगळं समजतं आणि उत्तर येतं ते इंग्रजीत, अस्सल मलिंगारच्या हेलात. ती नोकरीसाठी टास्मानियात होबार्टला गेली आणि तिथल्याच टॉमशी लग्न करून बसली. टॉमचे वडील जॉर्ज, सफरचंदांच्या बागेचे मालक, म्हणजे आमचे व्याही. तोंडावर मी त्यांना जॉर्ज म्हणते, मनात व्याहीबुवा.

जॉर्जची पणजी हॅना मोरन ही इथली, मेयो जिल्ह्यातली. बटाट्याच्या दुष्काळाने माणसं मरत होती त्या काळात तिने एक मेंढी चोरली. पकडली गेली, कॅसलबारच्या कोर्टाने काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली आणि जहाजात घालून तिला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. शिक्षा संपल्यावर तिने तिथेच संसार मांडला, जमीन मिळवली, सफरचंदं लावली. जॉर्जच्या वडिलांच्या वेळेपर्यंत घरात तिचं नाव काढायचं नाही असा शिरस्ता होता. जॉर्ज मात्र सांगलीत लग्नाच्या जेवणात, आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांसमोर, ही गोष्ट कौतुकाने सांगायला उभे राहिले होते. मी त्यांना हाताला धरून श्रीखंडाकडे नेलं. नातेवाइकांना मी 'आयरिश शेतकरी घराणं' एवढंच सांगितलं होतं आणि त्यात तसं खोटं काहीच नव्हतं.

दोन हजार वीसच्या मे महिन्यात जॉर्ज इकडे यायचे होते. तिकिटं काढून झाली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. विमानं थांबली, ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली, आतल्यांनी बाहेर जायचं नाही आणि बाहेरच्यांनी आत यायचं नाही. त्याच वर्षी मृणालला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तिला इथे येता आलं नाही, मला तिथे जाता आलं नाही. डिंकाचे लाडू मी व्हिडिओवर शिकवले आणि ते तिने बिघडवले. नात आता भिंतीला धरून उभी राहते आणि मी तिला अजून हात लावलेला नाही. ह्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण बोलायला लागले की मला थांबता येत नाही.

यंदा जुलैत जॉर्जचा फोन आला. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार त्यांना आधीपासून होता, तो आता वेगाने वाढत चालला होता. नजरेच्या मधोमध एक डाग बसतो आणि मोठा होत जातो. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वर्षभरात फोटोतली माणसं ओळखता येणार नाहीत.

"शुभा, तू तिथे आहेस," जॉर्ज म्हणाले. "हॅनाचं घर मला दाखव. घर नसेल तर जागा दाखव. मला दिसतंय तोवर."

मी विचारलं, मूठभर माती पाठवू का. ते हसले. म्हणाले, आमचे कस्टमवाले मातीला आत येऊ देत नाहीत, तिलासुद्धा शिक्षा करून उलट्या जहाजाने पाठवतील.

हा फोन मी मृणालच्या खोलीत घेतला होता, कारण रेंज तिथेच बरी येते. खोली म्हणायची आपली. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरचं खायची आठवण आली, ऑर्डरी वाढल्या आणि त्या खोलीचं माझं गोदाम झालं. तिच्या पलंगावर चिवड्याचे डबे, टेबलावर वजनकाटा, आणि प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, कपड्यांच्या जागी पोह्यांच्या पिशव्या. व्हिडिओवर मृणालने ते पाहिलं तेव्हा "फेअर प्ले टु यू, आई" म्हणाली होती. शाबासकी होती की दुसरं काही, ते मी विचारलं नव्हतं.

व्याह्यांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो.

मलिंगारहून मेयोला जायचं असेल तर रस्ता अगदी सोपा आहे. लाँगफर्डपर्यंत एन फोर, तिथून एन फाइव्ह. वाटेत एकही टोल नाही, टोल सगळे डब्लिनच्या बाजूला. नुसतं चालवलं तर दोन-सव्वादोन तासांत कॅसलबार, पण नुसतं चालवू नका. स्ट्रोक्सटाउनला थांबा. एवढ्याशा गावाला एवढा रुंद रस्ता का, असा प्रश्न पडेल. जमीनदाराला राजधानीसारखी शान हवी होती, असं चहाच्या दुकानातल्या बाईने सांगितलं. चहा आणि स्कोन नावाचा छोटा गोडसर पाव मिळून पाच युरो, स्कोन गरम, लोणी हात राखून नाही. आत बसायचं तर लशीचं सर्टिफिकेट दाखवावं लागत होतं. अविनाशने मोबाइल काढेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून अर्धा स्कोन संपवला होता. दीड वर्षाने गावाबाहेर पडलेल्या बाईला थंडी वाजत नाही.

पुढे बॅलाहाडरीन, चार्ल्सटाउन. जसजसं पश्चिमेला जावं तशी झाडं बुटकी होतात, शेतांभोवतीची कुंपणं जाऊन दगडी बांध येतात, आणि आभाळ खाली येतं. हे दगड शेतातूनच निघालेले. चुना नाही, माती नाही, एकावर एक नुसते रचलेले, आणि फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. इतके बांध पाहून अविनाश म्हणाला की इथे पिकांपेक्षा दगड जास्त उगवले असावेत.

कॅसलबारला मॉलवर गाडी लावली. मॉल म्हणजे खरेदीचा नव्हे, गावाच्या मध्यभागी असलेली मोठी हिरवळ. तिच्या एका कडेला जुनं कोर्ट आहे. खांबांची, रुबाबदार इमारत. हॅनाचा निकाल इथेच लागला होता. मी जॉर्जसाठी फोटो काढले. समोर दोन पोरं सायकली आडव्या टाकून चिप्स खात होती. मला जॉर्जचं एक बोलणं आठवलं. मृणालच्या लग्नानंतर एकदा ते म्हणाले होते, "हॅनाने एक मेंढी घेतली, त्याला चोरी म्हणाले. मग तिला तिथे जमीन मिळाली, ती आधी दुसऱ्याच लोकांची होती, आणि त्याला कुणीच चोरी म्हणालं नाही. मी त्याच जमिनीवर सफरचंदं पिकवतो." तेव्हा मला वाटलं होतं की व्याहीबुवांना वाइन चढली. कोर्टासमोर उभी राहिले तेव्हा तसं वाटेना.

मुक्काम नेफिन डोंगराच्या पायथ्याशी, लॉक कॉन तळ्याच्या जवळ. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पुढे ज्यांची गोष्ट येते त्यांना ते आवडणार नाही. तिथे नोरीन नावाच्या ऐंशीच्या घरातल्या विधवा आजी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दोघांचे नव्वद युरो, नाश्त्यासकट. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी दयेने माझ्याकडे पाहिलं आणि सकाळी अंडी, मशरूम, टोमॅटो आणि घरचा सोडा ब्रेड असं ताट भरून पुढे केलं. अंडी मी खाते, पण ते त्यांनी विचारलंच नव्हतं. सोडा ब्रेड म्हणजे यीस्ट न घालता ताकावर केलेला जाड, खरबरीत पाव. आपल्या भाकरीची आयरिश आतेबहीण समजा.

शनिवारचा दिवस शोधाचा. जॉर्जकडे दोनच गोष्टी होत्या. पणजीचं नाव आणि ह्या भागाचं नाव. हॅनाचं घर कुठलं, कुटुंब कुठलं, त्यातलं कुणी उरलंय का, हे आम्ही विचारायचं होतं. आणि विचारायचं म्हणजे माझी हातखंडा गोष्ट. सांगलीत मी बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईचं सगळं घराणं बस येईपर्यंत काढलेलं आहे.

आदल्या रात्रीच मी अविनाशला बजावलं होतं की मेंढीचा विषय काढायचा नाही. आपण व्याह्यांच्या वतीने आलोय. लेकीच्या सासरची अब्रू म्हणजे आपली अब्रू. परक्या गावात दारोदार जाऊन, आमचे व्याही चोर बाईच्या पोटचे, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तो म्हणाला की व्याहीबुवा स्वतःच सगळीकडे सांगत फिरतात. मी म्हटलं, त्यांनी सांगणं वेगळं आणि आपण सांगणं वेगळं.

तर मी सगळीकडे एकच पाठ म्हटला. आमच्या व्याह्यांची पणजी हॅना मोरन, चांगल्या घरची मुलगी, पूर्वी ऑस्ट्रेलियाला गेली, तिथे तिचं फार छान झालं. पोस्टातल्या बाईंनी आमचं प्रेमाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की इथे अर्धं गाव मोरन आहे. म्हणजे आमच्याकडे पाटील कोण, असं विचारण्यासारखं झालं. ऑस्ट्रेलियाला तर प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलेलं. दुकानदाराने आम्हाला चर्चमागच्या स्मशानात पाठवलं. तिथे शेवाळलेल्या दगडांवर मोरनच मोरन, हॅनाही निघाल्या चार, पण त्या सगळ्या गावातच मेलेल्या. स्मशानातल्या गवत कापणाऱ्या माणसाने आम्हाला एका मोरनांच्या दारात नेलं. त्या बाईंनी चहा दिला, फ्रूट केक दिला, आपल्या सिडनीतल्या भाच्याचे फोटो दाखवले. त्यांच्या घरातली हॅना नर्स होती आणि ती विमानाने गेली होती. संध्याकाळपर्यंत आम्ही चार घरी चहा प्यालो. सगळी माणसं गोड आणि सगळ्यांचा उपयोग शून्य.

परतताना अविनाश गाडीत म्हणाला, "पेशंट येऊन नुसतं नाव-पत्ता सांगतो आणि दुखतंय कुठे ते लपवतो, तसं चाललंय तुझं."

मी त्याला रस्त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. पण मला तेव्हा भीती वाटायला लागली होती. रविवारी परत निघायचं होतं. पुन्हा कधी जमणार, आणि जमेपर्यंत जॉर्जच्या डोळ्यांचं काय होणार? होबार्टला ते फोन जवळ ठेवून बसले असतील हे मला माहीत होतं.

संध्याकाळी नोरीन आजींच्या स्वयंपाकघरात चहा झाला. दिवसातला पाचवा. त्यांनी विचारलं, सापडलं का तुमचं माणूस? मी परत माझा पाठ म्हणायला लागले. चांगल्या घरची मुलगी, ऑस्ट्रेलियाला गेली. आजींनी मला मध्येच अडवलं.

"दुष्काळात?" त्या म्हणाल्या. "बाई गं, त्या वर्षांत इथल्या पोरींकडे घालायला जोडे नव्हते. ऑस्ट्रेलियाचं भाडं कुणी भरलं तिचं?"

मी अविनाशकडे पाहिलं. तो कपात बघत होता. मला काही मदत करणार नव्हता.

"सरकारने," मी म्हटलं. मग आवाज खाली आणून, घरातल्या रोगाबद्दल बोलतात तसं म्हटलं, "तिने मेंढी चोरली होती."

आजींनी चहाची किटली खाली ठेवली. "म्हणजे मेंढीवाली हॅना," त्या म्हणाल्या. "अगं, मग पोरी, तू दिवसभर गावात फिरलीस, आणि जी एक गोष्ट सगळ्यांना आठवते तेवढीच तू सांगितली नाहीस?"

मी म्हटलं, मला वाटलं गावाला लाज वाटेल. आजी एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. म्हणाल्या की धाकटी भावंडं भुकेली असताना मेंढी घेतली त्याची ह्या गावात कुणाला कधी लाज वाटली नाही. लाज आहे ती, ज्यांनी जाऊन सांगितलं त्यांची. "ते घर कुठलं तेही मला माहीत आहे. पण सांगणार नाही. मी त्यांच्याकडून अंडी घेते."

सकाळी खाल्लेली तीन अंडी मला आठवली. आजी तोवर उठून फोनकडे गेल्या होत्या. पलीकडे कुणी पॉरिक होता. आजी आमच्याकडे बघत त्याला म्हणाल्या की हॅनाकडून कुणीतरी आलंय. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, उद्या चर्चमधली मिसा झाल्यावर.

रविवारी पाऊस नव्हता. नेफिनच्या डोक्यावर ढग बसला होता, पण शेतांवर ऊन होतं. पॉरिक मोरन सत्तरी ओलांडलेला शेतकरी. चर्चचे कपडे, खाली चिखलाचे गमबूट, आणि मागे एक काळापांढरा कुत्रा. हॅनाच्या धाकट्या भावाचा तो पणतू. म्हणजे जॉर्जचा भाऊच की, नात्याने. मी हे त्याला सांगितलं, तर त्याने टोपी काढून परत घातली. मग म्हणाला, चला.

घर नव्हतं. एका बाजूची भिंत कमरेएवढी उरलेली, आत खाजकुइलीसारखी अंगाला लागणारी झुडपं, आणि चुलीच्या जागी एक काळा पडलेला दगड. मी फोटो काढायला लागले तर पॉरिक म्हणाला की दाखवायचं ते पुढे आहे. आम्ही दोन शेतं ओलांडली. प्रत्येक शेताला लोखंडी फाटक होतं, चकचकीत, सरकारी अनुदानातून बसवलेलं. तिसऱ्या शेताच्या वरच्या बांधात मात्र फाटक नव्हतं. दगडी बांधाला एक माणूसभर खिंडार होतं, आणि त्यात दोन लाकडी दांडे आडवे अडकवलेले.

"हॅनाज गॅप," पॉरिक म्हणाला.

पलीकडची जमीन तेव्हा जमीनदाराच्या कारभाऱ्याची. हॅना ह्या खिंडारातून मेंढी घेऊन आली आणि ह्याच खिंडारातून शिपाई तिला घेऊन गेले. तिची आई इथपर्यंत मागे आली. पुढे जाऊ दिलं नाही. तिने मागे राहिलेल्या मुलाला सांगितलं की हा बांध बुजवायचा नाही, फाटक लावायचं नाही. गेली ह्या वाटेने, येईल ह्याच वाटेने, आणि आली तर तिला बंद दिसता कामा नये. त्या मुलाने ते आपल्या मुलाला सांगितलं, त्याने पॉरिकच्या बापाला, बापाने पॉरिकला. गुरं पलीकडे जातात म्हणून दांडे घालायचे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ काढून वाट मोकळी ठेवायची. अनुदानवाला साहेब तपासणीला आला तेव्हा त्याने विचारलं होतं की सगळीकडे फाटक आहे मग इथेच का नाही. 

"मी युअर मॅनला म्हटलं, एक माणूस यायचं राहिलंय," पॉरिक म्हणाला. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ'.

मला तिथे रडू आलं. लपवत नाही. आणि ते हॅनासाठी नव्हतं. तिच्या आईसाठी होतं. ती ह्या दगडांपाशी किती वर्षं येऊन उभी राहिली असेल? तिला कळलंच नाही की पोरगी जगली, लग्न झालं, मुलं झाली, सफरचंदं लागली. मला रोज रात्री व्हिडिओवर लेक दिसते, नात दिसते, तरी मी फोन ठेवल्यावर ओटा पुसत बसते, पुसलेला ओटा परत पुसते. त्या बाईकडे काय होतं? दोन दांडे. अविनाशने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेफिनच्या दिशेने बघत राहिला.

रेंज एकच काडी होती, तीही बांधावर चढल्यावर. मी ह्या वयात बांधावर चढले. आमच्याकडे सकाळचे अकरा, होबार्टला रात्रीचे आठ. जॉर्ज खरंच फोनपाशी बसले होते, शेजारी मृणाल आणि तिच्या मांडीवर नात. मी सगळं दाखवलं. डोंगर, चुलीचा दगड, खिंडार. जॉर्ज मान वाकडी करून बघत होते, कारण त्यांना आता समोरचं कडेनेच दिसतं. "जरा थांब, हलवू नकोस," एवढंच दोनदा म्हणाले. मग पॉरिक बोलायला लागला. आता मेयोच्या पॉरिकचं इंग्रजी टास्मानियाच्या जॉर्जना कळेना आणि जॉर्जचं पॉरिकला. तेव्हा एका रक्ताच्या दोन इंग्रजी बोलणाऱ्या भावांमध्ये सांगलीची बाई दुभाषी झाली. खिंडाराची गोष्ट मी जॉर्जना सांगितली. ते चष्मा काढून हातात धरून बसले.

मग मला राहवलं नाही. लांबून आलेलं माणूस दारातून असं कोरडं आत घ्यायचं नसतं. नोरीन आजींनी वाटेत खायला सोडा ब्रेड बांधून दिला होता. त्याचा एक तुकडा मी पॉरिकच्या हातात दिला, अविनाशकडून पाण्याची बाटली घेतली आणि त्याला समजावलं की आमच्याकडे घरचं माणूस दूरच्या प्रवासाहून आलं की दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेतलं सगळं वाईट दाराबाहेर राहावं म्हणून. आणि हे घरच्यांनी करायचं असतं, म्हणजे तू. मला वाटलं हसेल. त्याने टोपी काढून बांधावर ठेवली, दांडे उपसले आणि विचारलं, कुठल्या बाजूने फिरवायचं?

मी पलीकडे जाऊन उभी राहिले, जॉर्जचा चेहरा असलेला फोन छातीशी धरून. रेंज गेली नाही हे देवाचं देणं. पॉरिकने त्या फोनवरून तीन वेळा पाव ओवाळला, पाणी ओवाळलं, पाणी बाजूला ओतलं आणि तुकडा लांब टाकला. तो कुत्र्याने हवेतच झेलला. मग मी उजवं पाऊल टाकून जॉर्जना आत आणलं.

पॉरिकने बांधावरची टोपी उचलली. मग त्याने मला विचारलं, पण फोनकडे बघून. "सांगितलं होतं ते ती येईपर्यंत. आता बांधून टाकू का?"

मी ते जॉर्जना सांगितलं. पॉरिक थकलाय, रोज दोनदा दांडे उचलायचे म्हणजे त्या वयात गंमत नाही, हेही सांगितलं.

"नको," जॉर्ज म्हणाले. "त्याला सांग, आत्ता फक्त फोन आलाय. मी अजून आलेलो नाही. दिसलं नाही तरी येईन. दगड हाताला लागतील."

मी सांगितलं. पॉरिकने मान हलवली, "ग्रँड", म्हणजे ठीक, म्हणाला आणि दांडे परत अडकवायला लागला. अविनाशने दुसरं टोक धरलं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मलिंगारला परत आलो. वाटेत चार्ल्सटाउनला चिप्स खाल्ले, त्यांना लिंबू आणि तिखट हवं होतं. तुम्ही कुणाच्या पूर्वजांच्या शोधात ह्या बाजूला जाणार असाल तर माझं एवढंच सांगणं आहे. गाडीत जास्तीचा जोडा ठेवा, चहाला नाही म्हणू नका, आणि घराण्यातली सगळ्यात लपवावीशी गोष्ट पहिल्याच दारात सांगून टाका. मी झाकायला गेले त्यापायी अख्खा शनिवार गेला. सांगलीच्या नातेवाइकांनाही ह्या दिवाळीत फोनवर मेंढीचं सगळं सांगितलं. माझ्या थोरल्या नणंदेने विचारलं, मग मेंढी पोरांना मिळाली का खायला? तेवढाच एक प्रश्न मी पॉरिकला विचारायला विसरले होते.

सोमवारी सकाळी अविनाश हॉस्पिटलला गेल्यावर मी मृणालची खोली उपसली. चिवड्याचे डबे, वजनकाटा, पोह्यांच्या पिशव्या, सगळं गॅरेजमध्ये. तिथे थंडी असते, उभं राहून पाय दुखतात, पीठ सादळतं. असू दे. पलंगावर धुतलेली चादर घातली, प्रेस रिकामं केलं. अविनाशने संध्याकाळी दारातून पाहिलं आणि काही न विचारता बल्ब बदलून दिला.

रात्री व्हिडिओ लावला तो तिथूनच. मृणालने माझ्या मागे पाहिलं. डबे कुठे गेले म्हणून तिने विचारलं, नेहमीप्रमाणे इंग्रजीत.

"गॅरेजमध्ये," मी म्हटलं. "खोली लागेल ना."

आता डिसेंबर आहे. टास्मानियाची दारं उघडत असल्याची बातमी आहे, पण कोण आधी निघणार, मी की ते, हे अजून ठरलेलं नाही. पॉरिकचे दांडे रोज सकाळी निघतात. पण मनात राहिलं ते त्या सोमवारचं. मृणालने लेकीला उचलून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलं, पलंगाकडे बोट दाखवलं आणि तिला मराठीत म्हणाली, "बघ. ही आपली खोली."